खिशात पैसा नसलेल्या तालुक्यात समकालीन कला महोत्सव भरवायचा तर

आपल्या विदर्भात तालुक्याच्या गावात आर्ट फेस्टिव्हलचं नाव काढलं की पानठेल्यावर पहिला प्रश्न हाच येते, "भाऊ, सोयाबीनले भाव नाही अन् तुम्ही चित्रं काहून लावता?" हा प्रश्न बरोबर आहे, त्याच्यावर चिडू नका. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, आणि बाजार समितीत त्याच्या बऱ्याच खाली लिलाव सुटताना सगळ्यांनी पाहिलाय. अशा गावात तुम्ही कलेचं महत्त्व वगैरे सांगत बसाल तर लोक ऐकून घेतील आणि चहा पिऊन निघून जातील. उत्तर बजेटात दिसलं पाहिजे, म्हणजे महोत्सवाचा जो काही पैसा येईल तो गावातल्याच मांडववाल्याकडे, बुरडाकडे, ऑटोवाल्याकडे, बचत गटाच्या बायांकडे गेला पाहिजे आणि रोख गेला पाहिजे. हे जमत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर एका शाळेत साधं चित्र प्रदर्शन करा, तेही वाईट नाही.

हे लिहितोय ते नागपूर-अमरावतीला चित्रकला शिकून गावात परत आलेल्या पोरापोरींसाठी, वाचनालय चालवणाऱ्यांसाठी, एखाद्या ड्रॉइंग सरांसाठी. म्हणजे ज्यांनी गणेश मंडळ चालवलंय पण इन्स्टॉलेशन (जागेतच वस्तू मांडून उभं केलेलं काम), व्हिडिओ, परफॉर्मन्स (लोकांसमोर कलाकारानं स्वतः करून दाखवलेलं काम) असलं कधी मांडलं नाही त्यांच्यासाठी.

आधी दुसऱ्यांचं काय झालं ते बघा

ग्रीस देश कर्जात बुडाला तेव्हाची गोष्ट. २०१३ मध्ये तिथे बेरोजगारी २७ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच वर्षी तिथल्या राजधानीतल्या अथेन्स बिएनालेवाल्यांनी (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कला प्रदर्शन) शहरातली शेअर बाजाराची जुनी बिल्डिंग घेतली, जिथे एकेकाळी बोली लागायची तिथेच 'अगोरा' नावानं प्रदर्शन मांडलं, आणि एकच मोठा क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणारा माणूस, आणण्याऐवजी कलाकार, लेखक, अभ्यासक यांच्या मोठ्या गटानं मिळून ते उभं केलं. म्हणजे ज्या धंद्यानं शहराला धोका दिला त्याच धंद्याच्या घरात शहरातल्याच लोकांनी बसून बोलणं केलं.

चार वर्षांनी डॉक्युमेंटा आलं. हे जर्मनीतल्या कासल शहरात १९५५ पासून होणारं जगातलं फार मोठं प्रदर्शन आहे, २०१७ मध्ये त्यांनी अर्धं अथेन्सला नेलं आणि 'अथेन्सकडून शिकणं' असं नाव दिलं. चांगली कामं होती, लोकही लाखांनी आले, पण अथेन्सच्या भिंतींवर त्याची टिंगल करणारं लिहिलं गेलं आणि आमच्या गरिबीची सहल काढलीय असं तिथलेच लोक म्हणायला लागले. वरून हिशोब बिघडला तो असा की शेवटी कासल शहराला आणि हेसन राज्याला कर्जाची हमी द्यावी लागली. अथेन्सला वाहतूक आणि वीज-कूलिंगवर अंदाजापेक्षा जास्त पैसा गेला असं तेव्हा छापून आलं. कोट्यवधी युरोवाल्यांना विजेचं बिल लागते, तर आपण कोण!

आपल्या देशात कोची आहे. कोची-मुझिरिस बिएनाले १२-१२-१२ ला सुरू झाली, जुन्या मसाल्याच्या वखारी आणि अ‍ॅस्पिनवॉल हाऊससारखी जुनी व्यापारी घरं वापरून. तिथेही २०२२ मध्ये उद्घाटन ऐनवेळी १२ वरून २३ डिसेंबरवर ढकलावं लागलं, आणि तोवर बाहेरगावचे पाहुणे येऊन बसलेले.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आपल्या झाडीपट्टीत आहे. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावचं मंडळ कंपनी बुक करते, तिकीट लावते, पाहुणे घरोघरी मुक्कामाला येतात, लोक रात्रभर बसून नाटक बघतात आणि ज्याचा हात पैशानं तंग आहे तोही तिकीट काढते. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. तेव्हा "खेड्यातले लोक कलेवर पैसे खर्च करत नाहीत" असं कोणी शहरी पाहुणा म्हणाला तर त्याला जानेवारीत एक रात्र वडशाकडे पाठवा.

तारीख

ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी-मळणी, नोव्हेंबरपासून कापूस वेचणी, फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आणि मग दहावी, मार्चपासून ऊन, मे मध्ये ४५ डिग्री. पावसाळ्यात तर बोलायचं कामच नाही. उरला जानेवारी. थंडी असते, शाळांची स्नेहसंमेलनं झालेली किंवा चालू असतात, आणि हातात थोडा कापसाचा पैसा आलेला असते. आठवडी बाजाराचा दिवस महोत्सवात आलाच पाहिजे कारण त्या दिवशी आजूबाजूची सगळी खेडी आपोआप गावात येतात, बाकी दिवशी त्यांना आणायला तुम्हाला गाडी लावावी लागेल. जवळपास कुठे मोठी यात्रा, शंकरपट किंवा सप्ताह आहे का तेही बघून घ्या, त्याच्याशी टक्कर घेऊन कोणी जिंकत नाही.

तीन दिवस पुरे. पंधरा दिवसांचं स्वप्न बघू नका, रात्रीच्या राखणदारीतच मराल.

जागा

आपल्या भागाला एक गोष्ट भरपूर मिळाली आहे, बंद पडलेल्या इमारती. जुन्या जिनिंग-प्रेसिंग, सूतगिरण्या, सहकारी गोदामं, शकुंतला रेल्वेची ओसाड स्टेशनं. फोटोत फार भारी दिसतात आणि कलाकार बघितल्या बघितल्या प्रेमात पडतात, म्हणून कलाकाराला जागा दाखवण्याच्या आधी कागद बघा. सहकारी संस्थेची जिनिंग असेल तर ती बऱ्याचदा अवसायनात (संस्था गुंडाळायचं काम चालू) असते, म्हणजे परवानगी जुन्या चेअरमननं तोंडी देऊन चालत नाही, अवसायकाची लेखी पाहिजे आणि सहायक निबंधक ऑफिसला माहिती दिलेली बरी. खाजगी असेल तर बँकेनं जप्त केलीय का, भावाभावांचा वाद कोर्टात आहे का हे तलाठ्याकडे आणि भूमापन ऑफिसात विचारा. रेल्वेच्या जागेच्या नादी नवख्यानं लागू नये, परवानगी येईपर्यंत पोरं मोठी होतात.

कागद जमले की एखादा रिटायर्ड बांधकाम खात्यातला इंजिनिअर सोबत घेऊन छत, कैच्या, भिंती बघा. टिनाचे पत्रे सुटलेले असतात, फरशीखाली हौद असतात, साप-विंचू तर असतातच. जुन्या कापसाचा भुगा आणि सरकीचा कचरा पहिले बाहेर काढा कारण तो पेट घ्यायला बिडीचं थोटूक पुरते. आग विझवायचे सिलेंडर, वाळूच्या बादल्या आणि दोन बाजूंनी उघडी दारं, याच्यावर तडजोड नको.

बंद इमारत नाही जमली तर बाजार समितीचे शेड आहेत, पण हंगामात ते मालानं भरलेले राहतात, सचिवांना आधी भेटा. शाळा, समाजमंदिर, वाचनालय, रिकामे गाळे, बसस्टँडची भिंत, हे सगळं चालते. खरं सांगू तर एका मोठ्या गोदामापेक्षा चौक ते बाजार अशा पायी रस्त्यावर सात-आठ छोट्या जागा मला जास्त आवडतात कारण मग प्रत्येक दुकानदार यजमान होते आणि चहावाल्याचाही धंदा होते.

नाव कोणाचं, परवानग्या कोणाच्या

नवीन संस्था काढायला सात सभासद, घटना, धर्मादाय ऑफिसच्या चकरा आणि बराच वेळ लागते. पहिल्या वर्षी हे करू नका. गावातलं नोंदणी असलेलं जुनं वाचनालय, महाविद्यालय किंवा मंडळ यजमान म्हणून घ्या, त्यांच्या बँक खात्यात वेगळा हिशोब ठेवा आणि सही दोघांची. खाजगी फोन-पे नंबरवर वर्गणी घेणं सोपं वाटते पण मग पुढचे सहा महिने गाव तुमच्याकडे संशयानंच बघते.

नगरपरिषद किंवा नगरपंचायतीची ना-हरकत, पोलीस स्टेशनची परवानगी, लाऊडस्पीकरची वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा देशभराचा नियम आहे, २००० सालचा. संहिता असलेलं नाटक लावणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आहे का ते त्या मंडळीला विचारा, नाटकवाल्यांकडे असते. ठाणेदार साहेबांना कामांची यादी फोटोसकट आधीच दाखवा. "हे काय आहे" हा प्रश्न त्यांना उद्घाटनाच्या दिवशी पडण्यापेक्षा आठ दिवस आधी पडलेला चांगला.

पैसे

समजा एकूण तीन लाख जमले. मी असं वाटेन: कलाकारांचं मानधन ८० हजार (आठ जणांना दहा-दहा), साहित्य ६०, गावातली मजुरी आणि राखण ४०, मांडव-लाईट-जनरेटर २५, वाहतूक २५, जेवण २०, छपाई १०, प्रथमोपचार-आग वगैरे १०, आणि ३० हजार बाजूला, त्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळ-मोमेंटोला शून्य. पाहुणा नाराज झाला तर होऊ द्या, तीच रक्कम दोन पोरांची मजुरी आहे.

मानधनाची गोष्ट सगळ्यात जास्त लावून धरा. "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य ज्या गावात लोकांना आधीच मेहनतीचा मोबदला मिळत नाही तिथे बोलायचं नसते. मोठ्या शहरातल्या कलाकाराला आणि गावातल्या बुरड कारागिराला रोजाचा एकच दर ठेवा, थोडी कुरबूर होईल पण ती एकदाच होते. बिछायत केंद्रवाल्याला अर्धे आधी, अर्धे मांडव सुटायच्या दिवशी. त्याच्याकडे गावभराची उधारी आधीच थकलेली असते, त्यात तुमची भर नको.

जमवायचे कुठून? वर्गणी हे आपलं जुनं हत्यार आहे पण मंदीच्या वर्षी दुकानदाराकडे पावतीपुस्तक घेऊन जाणं मला बरं वाटत नाही, त्यापेक्षा वस्तू मागा. आडत्याकडे बारदाना मागा, हार्डवेअरवाल्याकडे तार-खिळे, राईस मिलवाल्याकडे तांदूळ, आणि त्याची पक्की नोंद ठेवा. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र लोककलावंतांचे कार्यक्रम करत असते, तिथे वेळेत अर्ज टाका. संस्कृती मंत्रालयाच्या अनुदान योजना आहेत पण त्याला जुनी नोंदणी आणि ऑडिट लागते, म्हणून वर यजमान संस्थेचं म्हटलं. चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा-सिमेंटच्या कंपन्या आहेत, सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी काढलेल्या पैशात, कला-संस्कृती बसते, पण एक लक्षात घ्या, एकदाच होणारा इव्हेंट सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्यामुळे अर्ज "महोत्सव" म्हणून न करता वर्षभर चालणारं बांबू-कारागिरांचं किंवा शाळांचं प्रशिक्षण म्हणून करा, आणि ते खरोखर वर्षभर चालवा. संस्थेचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागते. आणि ज्या कंपनीच्या धुळीनं गाव खोकते तिचं बॅनर लावायचं की नाही हे आधी बसून ठरवा, नंतर नको.

नेत्याचे पैसे घ्यायचे असतील तर फोटोचा साईझ आधी लेखी ठरवा. हसण्यावारी नेऊ नका.

कलाकार, आणि दुःखाचं काय करायचं

इथे जरा थांबतो कारण इथेच बहुतेक गोष्टी बिघडतात. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या कलाकाराच्या डोक्यात एकच चित्र येते, शेतकरी आत्महत्येचं. झाडाला दोर, त्याच्या खाली फाटकी चप्पल, वरून लाल लाईट. असला प्रस्ताव शंभर टक्के येतो, एखाद्या वेळी तीन येतात. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. ज्या गावात तुम्ही ते मांडणार तिथे बघायला येणाऱ्यांत कोणाचा नवरा गेलाय, कोणाचा बाप गेलाय, आणि ती बाई आपल्या पोराचा हात धरून त्या दोरासमोर उभी राहणार आहे. २००६ मध्ये पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्या काळापासून इथे कॅमेरे येत आहेत, कपाशीच्या वावरात उभं राहून बोलून गेले आहेत, आणि लोकांनी त्यांना तेच तेच सांगून झालेलं आहे. त्याच दुःखाचा आणखी एक शो कोणाला नको.

मग काय संकटाबद्दल बोलायचंच नाही? बोला ना, पण रोजच्या वस्तूंतून बोला. लिलावाची बोली आहे, तिचा आवाज रेकॉर्ड करा आणि रिकाम्या शेडमध्ये अंधारात वाजवा, बघा लोक कसे उभे राहतात. जुन्या जिनिंगमध्ये काम केलेल्या बायांना बोलवा, त्या जागेवर कोणती मशीन होती, कुठे बसून डबा खायच्या, हे त्यांनाच फरशीवर खडूनं काढू द्या. पीक विम्याचे, कर्जाचे, अर्जांचे कागद प्रत्येकाच्या घरात पिशवीभर आहेत, नावं-नंबर झाकून त्यांच्या झेरॉक्सचा मांडव करता येते, त्याच्या खालून वाकून जावं लागेल इतका खाली.

आणि टोचून हसायचं असेल तर मारबत आहे ना बाप्पा! नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात, महागाई असो की भ्रष्टाचार, त्या वर्षीचा जो राग आहे त्याचा पुतळा करून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत नेतात आणि जाळतात. एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. कोणी विचारलं समकालीन कला म्हणजे काय तर व्याख्या सांगू नका, बडग्याचं उदाहरण द्या, एका मिनिटात समजते. शाळेच्या पोरांकडून बडगे बनवून घ्यायची कार्यशाळा ठेवा, फक्त कोणा जिवंत माणसाचा चेहरा लावू नका, नाहीतर वरची सगळी परवानग्यांची मेहनत पाण्यात जाईल.

निवड करताना निम्मे तरी याच पट्ट्यातले असू द्या. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, त्यातली कितीतरी खेड्यातलीच आहेत. बाहेरून येणाऱ्याला अट टाका, आठवडाभर आधी येऊन गावातच राहायचं, इथल्या दोन माणसांसोबत काम करायचं. ज्याला फक्त तयार काम कुरियर करायचं आहे त्याला नम्रपणे पुढच्या वर्षी म्हणा.

साहित्य

पाहिजे ते सगळं आजूबाजूला पडलेलं आहे: पऱ्हाट्या, तुराट्या, कुटार, बारदाना, बांबूचे तट्टे, शेणमाती, गेरू, विटा, भंगारातली ड्रिपची नळी. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं तेव्हा गांधीजी आपल्याच वर्धेजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले होते, आणि त्यांनी मंडप सजवायला शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं, अट एकच, गावात मिळते त्याच्यातच करायचं. बोस यांनी बांबू वगैरे वापरून करून दाखवलं, आणि १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनाला खेड्यातले वाजंत्री, कारागीर, कामात असलेल्या बाया अशी पोस्टरं हातकागदावर रंगवून मंडपात उघड्यावर लावली. आज ती संग्रहालयात आहेत. तेव्हा फ्लेक्स छापायला जिल्ह्याला धावण्याआधी गावातल्या पेंटरला विचारा. फ्लेक्सनं त्याचा धंदा केव्हाच खाल्लाय, त्याच्याकडून भिंती रंगवून घ्या.

मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, कारागिराला चार नवीन जोड शिकून यायचे असतील तर तिकडे पाठवता येते.

वीज आणि व्हिडिओ

आकडा टाकायचा नाही. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. व्होल्टेज वरखाली होते म्हणून प्रोजेक्टरला स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर पाहिजेच. जानेवारीत सहाच्या सुमारास अंधार पडते, त्याआधी उघड्यावर व्हिडिओ दिसत नाही, म्हणून व्हिडिओ सहा ते दहा. इंटरनेटवरून चालवायचं काहीही ठेवू नका, सगळं पेनड्राइव्हवर, आणि दोन पेनड्राइव्ह.

लोक येतील कसे

इन्स्टाग्राम पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी. गावासाठी ऑटोवर भोंगा लावून फिरवा, खेड्यात दवंडी द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच. गुरुदेव सेवा मंडळं जवळपास गावोगावी आहेत, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज संध्याकाळी माणसं जमतात, तिथे जाऊन पाच मिनिटं बोला, स्वयंसेवकही तिथेच भेटतील. संध्याकाळी खंजेरी भजन, दंडार किंवा डहाका ठेवा पण ते "गर्दी जमवायला" म्हणून नको, त्या मंडळीलाही तेच मानधन, पत्रिकेत तेवढ्याच अक्षरात नाव.

प्रत्येक कामापाशी एक माणूस उभा पाहिजे, अकरावी-बारावीची पोरं चांगली. त्यांना पाठ केलेलं भाषण देऊ नका, कलाकारासोबत दोन दिवस काम करायला लावा, मग ती आपल्या भाषेत सांगतात. कोणी "हे काय कचरा आहे" म्हटलं तर वाद घालायचा नाही, "तुमच्या मते काय पाहिजे होतं काका?" असं विचारून ऐकायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. ती वही पुढे फार कामाची पडते.

उद्घाटन लहान ठेवा. भाषणं झाली की अर्धी गर्दी उठते, म्हणून आधी कामं बघणं, मग जेवण, आणि भाषण कोणाला करायचंच असेल तर जेवणानंतर. शेवटच्या दिवशी रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत, स्वयंपाकाचे पैसे बचत गटाला ठरलेल्या दरानं. गोवऱ्या, वांगी, कणीक गावातूनच.

उतरवताना

कोणतं काम कोणाकडे जाणार ते आधीच लिहून ठेवा. बारदाना आडत्याला परत, बांबू बुरडाला, पऱ्हाट्या ज्याच्या वावरातून आणल्या त्याला सरपण म्हणून. जागा झाडून, कुलूप लावून, चावीची सही घेऊन परत द्या. मजुरी आणि मानधन मांडव सुटायच्या आधी, म्हणजे सगळे अजून गावात असतानाच, समोरासमोर. मग जमा-खर्चाचा कागद, कोणाकडून काय वस्तू आली त्याच्यासकट, मोठ्या अक्षरात वाचनालयाच्या भिंतीवर आणि बाजार समितीच्या फलकाजवळ लावा. तुटीत गेलात तरी लावा, लोक वाचतात, बेरीज तपासतात आणि चूक सापडली तर घरी येऊन सांगतात.

पुढच्या वर्षीची तारीख समारोपात स्टेजवरून जाहीर करायचा मोह होते, ते करू नका. ऑक्टोबरात पीक घरात येऊ द्या, काय भाव लागते बघा, मग मीटिंग लावा.